मुले डोंगरात निघाली? वर जाण्याइतकेच परत फिरणेही शिकवा

पावसाने डोंगर हिरवे झाले की आठवी-नववीपासून पुढच्या मुलामुलींच्या घरात एक प्रश्न हमखास येतो : "रविवारी सगळे गडावर चाललेत. मी जाऊ?" बहुतेक घरांत याला दोनपैकी एक उत्तर मिळते. "अजिबात नाही", किंवा "जा, पण सांभाळून." पहिल्या उत्तराने मूल हिरमुसून घरी बसते, नाहीतर मित्राकडे अभ्यासाला चाललोय असे सांगून निघून जाते. दुसऱ्या उत्तरात सांभाळायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे कोणीच सांगितलेले नसते.

यापेक्षा चांगले तिसरे उत्तर आहे : मुलाला डोंगरात चालायला शिकवणे. पोहायला शिकवतो, रस्ता ओलांडायला शिकवतो, तसेच. आज ना उद्या तुमचा मुलगा किंवा मुलगी तुमच्याशिवाय, फक्त मित्रमैत्रिणींबरोबर डोंगरात जाणार आहे. त्या दिवशी कड्याजवळ, फुगलेल्या ओढ्यापाशी किंवा दाट धुक्यात निर्णय त्यांनाच घ्यायचा असेल. या लेखातील सगळी तयारी त्या दिवसासाठी आहे.

डोंगर चढण्याचा फायदा काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल करायला हवी. शाळा, क्लास आणि मोबाइल यांत शहरातील अनेक मुलांच्या वाट्याला तेवढी हालचाल येत नाही. सॅक पाठीवर घेऊन चढ चढताना हृदय, फुप्फुसे, मांड्या आणि पोटऱ्या यांना एकाच वेळी काम मिळते. हाडे भरण्याचे हेच वय असल्यामुळे वजन पेलणारा व्यायाम या काळात विशेष उपयोगी ठरतो. रात्री झोप चांगली लागते आणि मनावरचा ताण हलका होतो.

आणखी एक फायदा असा, की मैदानी खेळांत न रमणाऱ्या मुलांनाही डोंगर आवडू शकतो. इथे कोणी हरवायला समोर नसतो. जाड मूल, बुजरे मूल, संघात कधीच न निवडले गेलेले मूल, सगळी आपापल्या वेगाने वर पोहोचू शकतात.

या वयात धोका का वाढतो?

"एवढा मोठा झाला तरी अक्कल नाही," असे आपण चिडून म्हणतो. प्रश्न अकलेचा नसतो. मेंदूचा पुढचा भाग परिणामांचा विचार करणे आणि स्वतःला आवरणे ही कामे करतो. तो पूर्ण विकसित व्हायला विशीचा मध्य उजाडतो. थरार आणि मित्रांची शाबासकी यांना प्रतिसाद देणारे भाग मात्र वयात येतानाच जोरात कामाला लागलेले असतात.

अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात किशोरवयीन मुले, तरुण आणि प्रौढ यांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला होता. मित्र शेजारी असताना किशोरवयीन मुलांनी एकटे असतानापेक्षा बराच जास्त धोका पत्करला. प्रौढांवर मित्रांच्या असण्याचा तसा परिणाम झाला नाही.

घरी समजूतदारपणे वागणारे मूल चार मित्रांत कड्याच्या टोकावर उभे राहून फोटो का काढते, याचे हे एक कारण आहे. त्यामुळे महत्त्वाचे निर्णय त्या क्षणावर सोडू नयेत. ते आदल्या दिवशी, घरी, शांत डोक्याने आणि लिहून ठरवायला हवेत.

निघण्यापूर्वी तब्येतीची उजळणी

निरोगी मुलाला छोट्या ट्रेकसाठी खास तपासण्यांची गरज नसते. पुढीलपैकी काही असेल तर मात्र आधी आपल्या डॉक्टरांशी बोला.

- दमा : थंड हवा, धूळ आणि दमछाक यांनी दम लागू शकतो. इनहेलर मुलाच्या स्वतःच्या खिशात हवा, शेवटून चालणाऱ्या मित्राच्या सॅकमध्ये नको.
- टाइप १ मधुमेह : चालण्याने साखर उतरते, आणि त्याच रात्री झोपेतही उतरू शकते. इन्सुलिनचे डोस व खाणे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. ग्लुकोजच्या गोळ्या व साखर तपासण्याचे यंत्र जवळ हवे आणि साखर उतरल्याची लक्षणे निदान दोन मित्रांना माहीत हवीत. इन्सुलिन उन्हात तापू देऊ नका.
- फिट येणे : औषधांनी फिट नियंत्रणात असतील तर डोंगर कायमचा बंद होत नाही. डॉक्टरांना विचारून सोप्या, रुंद वाटा निवडा. जागरण टाळा, औषधाचा डोस चुकवू नका, कडे आणि पाणी यांच्यापासून लांब राहा.
- रक्तक्षय : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. जिना चढताना दम लागणे, सतत थकवा, फिकेपणा ही लक्षणे असतील तर मुलीला आळशी म्हणण्याआधी हिमोग्लोबिन तपासा.
- छातीत दुखणे, व्यायाम करताना चक्कर येणे किंवा शुद्ध हरपणे, कुटुंबात कोणाचा कमी वयात अचानक मृत्यू : हृदयाची तपासणी होईपर्यंत ट्रेक नको.
- नुकताच आलेला ताप किंवा जुलाब : मूल पूर्ण बरे होऊन नेहमीसारखे जेवू-खेळू लागेपर्यंत थांबा. डेंग्यू झाला असेल तर डॉक्टरांची परवानगी घ्या.

झपाट्याने उंची वाढत असताना काही मुलांच्या गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखते आणि टेंगूळ येते. बहुतेकदा हे वाढीच्या वयातील दुखणे असते. पण दुखत असताना "चालून चालून बरे होईल" म्हणून रेटू नये.

आखणी मुलाच्या हाती द्या

आई डबा भरणार, बाबा गाडी काढणार आणि मूल फक्त मागे बसणार, अशा सहलीत मूल काहीच शिकत नाही. एक कोरा कागद मुलाला द्या आणि पाच प्रश्नांची उत्तरे लिहायला सांगा : कुठे जायचे? किती चढायचे? किती वेळ लागेल? बरोबर कोण? काही अडले तर काय?

*किती चढायचे?* गडाची उंची आणि आपल्याला करायची चढाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांच्या लक्षात येत नाही. कळसूबाई समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंच आहे, पण पायथ्याचे बारी गावही बऱ्याच उंचीवर असल्यामुळे प्रत्यक्ष चढाई त्यापेक्षा खूप कमी भरते. उलट कोकणातून घाटमाथ्यावर चढणाऱ्या वाटा जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होतात. हरिश्चंद्रगडाला पाचनईकडून जाणारी वाट नवख्यांना जमते, तर त्याच गडाला कोकणातून येणारी नळीची वाट अनुभवी लोकांचाही घाम काढते. म्हणून "हरिश्चंद्रगडाला चाललोय" एवढे उत्तर पुरे नाही. कोणत्या गावातून, कोणत्या वाटेने, हे कागदावर हवे.

*किती वेळ लागेल?* विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा हिशेब सांगितला, तो आजही वापरतात : दर ५ किलोमीटर अंतराला १ तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी १ तास. हा हिशेब न थांबता चालणाऱ्या सशक्त माणसाचा आहे. नवख्या मुलांच्या गटासाठी त्याची दीडपट धरा.

समजा, वाट ४ किलोमीटरची आणि चढ ६०० मीटरचा आहे. अंतराची ४८ मिनिटे आणि चढाची ६० मिनिटे मिळून १०८ मिनिटे झाली. दीडपट केली की साधारण पावणेतीन तास. वर एक तास, उतरायला दोन तास. म्हणजे एकूण पावणेसहा तास. सकाळी ७ वाजता चालायला लागलात तर पाऊण वाजता पायथ्याशी याल. पण गाडी चुकली, नाश्ता लांबला आणि ११ वाजता चढायला लागलात, तर उतरेपर्यंत पावणेपाच होतील. डिसेंबरात त्यानंतर उजेड फार उरत नाही, आणि झाडीत व घळीत अंधार आधीच पडतो. हे गणित मुलालाच करू द्या. "लवकर ऊठ" हे शंभरदा सांगून जे होत नाही, ते या गणिताने होते.

*परत फिरण्याची वेळ.* कागदावरची सर्वांत महत्त्वाची ओळ ही. वरच्या उदाहरणात लिहा : "सकाळी ११ वाजता जिथे असू तिथून परत." माथा समोर दिसत असला तरी परत. ही वेळ मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहावी आणि गटातील सगळ्यांना आधीच सांगावी.

*घरी काय माहीत हवे?* कागदाची एक प्रत घरी राहू द्या : वाट, सोबत्यांची नावे व त्यांच्या घरचे फोन, पायथ्याच्या गावात ओळखीचे कोणी असल्यास त्यांचा फोन, आणि "इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करा" ती वेळ. डोंगरात मोबाइलला रेंज नसणे नेहमीचेच आहे. ही वेळ ठरलेली असली की दुपारभर तुम्हालाही घोर लागत नाही.

कोणत्या ऋतूत सुरुवात करावी?

मुलांना ट्रेक आठवतो तो पावसाळ्यात, पण शिकण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. वाटा कोरड्या असतात, लांबपर्यंत दिसते, ऊन सोसवते.

पावसाळ्यात शेवाळलेला कातळ, धुके आणि ओढे हे तीन मुख्य धोके. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला ओढा, वर डोंगरात पाऊस झाला की परतताना ओलांडता येत नाही. पाणी गुडघ्याच्या वर, गढूळ किंवा वेगात असेल तर थांबायचे. पाऊस ओसरल्यावर ओढ्याचे पाणीही बरेचदा काही तासांत उतरते. धबधब्याखाली उभे राहायचे नाही, कारण पाण्याबरोबर दगडही येतात. गडावरची टाकी आणि धरणांचे काठ पोहण्यासाठी नाहीत. टाक्यांच्या कडा उभ्या व बुळबुळीत असतात. आत पडलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही.

एप्रिल-मे महिन्यांत उघड्या कातळावर सकाळी १० नंतर चढ नको. शिवाय वळवाच्या आणि परतीच्या पावसात दुपारनंतर विजा चमकतात. गडगडाट ऐकू आला की माथा, एकटे झाड, लोखंडी रेलिंग आणि उथळ गुहेचे तोंड सोडून खाली यायचे. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे पुन्हा वर जायचे नाही.

आदल्या दिवशी भारतीय हवामान विभागाचा जिल्ह्याचा इशारा पाहायला मुलाला लावा. घाटमाथ्यासाठी नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर ट्रेक पुढे ढकलायचा, त्यावर चर्चा नाही. त्या जागेवर प्रशासनाने बंदी घातलेली नाही ना, हेही पाहा.

सॅकमध्ये काय हवे?

सॅकचे वजन मुलाच्या वजनाच्या १० ते १५ टक्क्यांच्या आत ठेवा. ४५ किलोच्या मुलाला साधारण पाच-सहा किलो पुरे. सॅक मुलानेच भरावी.

- पाणी : अर्ध्या दिवसासाठी दोन ते तीन लिटर, उन्हाळ्यात जास्त. बरोबर ओआरएसची दोन पाकिटे.
- खाणे : दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळ-शेंगदाणे, चिक्की, खजूर, केळी.
- शिट्टी आणि बॅटरी. मोबाइलचा टॉर्च ही बॅटरी नव्हे, तो फोन संपवतो.
- खाचा असलेल्या तळव्याचे, आधी वापरून मऊ झालेले बूट. नवे बूट ट्रेकला पहिल्यांदा घालू नयेत.
- पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि चटकन वाळणारी पँट. जीन्स भिजली की जड व थंड होते.
- टोपी, रेनकोट, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडे कपडे.
- प्रथमोपचार : बँडेज, क्रेप बँडेज, जंतुनाशक, नेहमीची औषधे.
- मुलींसाठी सॅनिटरी पॅड आणि वापरलेले परत आणायला पिशवी. मुलांनाही यात लाजण्यासारखे काही नाही, हे आधीच समजावा.

तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस-पंचवीस मिनिटांनी चार घोट प्यायला शिकवा. लघवी गडद पिवळी झाली म्हणजे पाणी कमी पडते आहे. उलट घामाच्या दिवशी नुसतेच पाणी लिटरमागून लिटर पिणेही बरे नाही. त्यामुळे रक्तातील सोडियम घटू शकते. म्हणून अधूनमधून ओआरएस, मीठ-साखर घातलेले लिंबू किंवा कोकम सरबत आणि खारट खाणे हवे.

चालायचे कसे?

सुरुवातीला मुले पळतात आणि अर्ध्या तासात बसतात. बोलता येईल इतक्याच वेगाने चालायचे, हा सोपा नियम. वाक्य पूर्ण होत नसेल तर वेग जास्त आहे. गटाचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याने ठरवायचा आणि त्याने पुढच्या भागात चालायचे. मागे राहिलेल्या मुलासाठी थांबून, तो पोहोचताच सगळे उठून चालू लागले, तर ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही. सर्वांत शेवटी एक भरवशाचा भिडू असावा. त्याच्या मागे कोणी राहता कामा नये. प्रत्येक फाट्यावर डोकी मोजायची.

उतरताना थकव्याने पाय लटपटतात आणि "आता काय, संपलेच" म्हणून लक्ष ढळते. घसाऱ्यावर छोटी पावले टाका, गुडघे किंचित वाकवा, गरज पडली तर बसून उतरा. पायाखालून दगड सुटला तर "दगड!" असे जोरात ओरडायचे. कड्याच्या टोकापासून आपल्या उंचीच्या दुप्पट अंतर राखायचे. फोटो काढताना मागे सरकायचे नाही. आधी थांबायचे, मग फोन काढायचा.

वाट ओळखणे हाही शिकण्याचा भाग आहे. फाट्यावर मागे वळून पाहायला सांगा, कारण परतताना वाट तशी दिसणार असते. मळलेली वाट आणि गुरांनी पाडलेली ढोरवाट यांतला फरक दाखवा. ढोरवाट फाटत फाटत झाडीत विरून जाते. अनोळखी जागी पायथ्याच्या गावातून वाटाड्या घ्या. त्याला हे डोंगर लहानपणापासून माहीत असतात, आणि चार पैसे गावातच राहतात.

चार ट्रेकमध्ये मुलाला तयार करा

पहिला : तुम्ही पुढे, विचार मोठ्याने बोला. "वारा सुटलाय, ढग काळे झालेत, म्हणून मी इथे जास्त थांबणार नाही." मुलाला निर्णय दिसतो, त्यामागचा विचार दिसत नाही. तो ऐकवा.

दुसरा : आखणी मुलाची, तपासणी तुमची. सोपी, वर्दळीची जागा निवडा. उदाहरणार्थ, मळवली स्थानकावर उतरून भाजे गावातून गायमुख खिंडीमार्गे लोहगडवाडी आणि तिथून पायऱ्यांनी लोहगड. पावसाळ्यातला शनिवार-रविवार टाळा, गर्दीत पायऱ्यांवर चालणेही कठीण होते. मुलाच्या कागदात चूक दिसली तर दुरुस्त करू नका, प्रश्न विचारा : "परतीची लोकल किती वाजता आहे?"

तिसरा : मूल पुढे, तुम्ही शेवटी. वेग, थांबे आणि फाटे मूल ठरवेल. जीवाला धोका नसेल तोवर गप्प राहा. दहा मिनिटे चुकीच्या वाटेवर चालणे आणि मग स्वतःच ओळखून मागे येणे, हा मोलाचा धडा आहे.

चौथा : परत फिरण्याचा ट्रेक. मुद्दाम थोडे मोठे लक्ष्य घ्या. ठरलेली वेळ झाली की माथा वीस मिनिटांवर असला तरी मुलाने "परत" म्हणायचे आणि सगळ्यांनी वळायचे. चिडचिड होईल, होऊ द्या. वाटेत बसून डबा खा, खाली उतरून गावात चहा प्या. परत फिरूनही दिवस चांगला जाऊ शकतो, हे त्या दिवशी मुलाला पटते.

हे चार ट्रेक नीट पार पडले की मित्रांच्या गटाला सोप्या वाटेने जाऊ द्यायला हरकत नाही. त्या गटासाठी आणखी दोन नियम :

१. कोणीही एकाने "मला नको" म्हटले की ती गोष्ट कोणीच करायची नाही. कारण विचारायचे नाही आणि नंतर चिडवायचे नाही.

२. मुलाला तुमच्या नावावर खापर फोडायची मोकळीक द्या. "माझी आई भयंकर ओरडेल रे," असे म्हणून धबधब्यात उतरणे टाळता येत असेल, तर त्या आईने ओरडणारी म्हणवून घ्यायला काय हरकत आहे?

काही झालेच तर

- उन्हाचा त्रास : डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे आले तर सावली, आडवे झोपवणे, ओआरएस. मूल असंबद्ध बोलू लागले, तोल जाऊ लागला किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजा. ताबडतोब अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि मदत मागवा. पूर्ण शुद्धीत नसलेल्याला काही पाजू नका.
- थंडीचा कडाका : पावसात भिजलेले, दमलेले मूल वाऱ्यावर बसले की सह्याद्रीतही अंगाचे तापमान घसरते. कुडकुडणे, बोबडे बोलणे, पाय अडखळणे ही लक्षणे. आडोसा, कोरडे कपडे, गोड व गरम पेय द्या.
- पाय मुरगळणे : गार पाण्याचा कपडा आणि क्रेप बँडेज. चार पावलेही टाकता येत नसतील तर हाड मोडल्याची शंका घ्या आणि चालवू नका.
- आग्या मोहोळ : गुहा आणि कड्यांवर मोहोळ असते. धूर, आरडाओरडा, दगड मारणे आणि उग्र अत्तर टाळा. माश्या उठल्या तर डोके-तोंड झाकून, कड्यापासून लांब, सरळ पळा. काटे पटकन काढा. अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजणे, दम लागणे किंवा चक्कर म्हणजे जिवाला धोका, तातडीने रुग्णालय गाठा. पूर्वी असा त्रास झाला असेल तर ट्रेकपूर्वी डॉक्टरांना भेटा.
- सर्पदंश : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. कापणे, चोखणे, दोरी आवळून बांधणे यांतले काहीही करू नका. अंगठी, घड्याळ काढा, तो हात किंवा पाय हलू देऊ नका, शक्यतो उचलून न्या आणि प्रतिविष उपलब्ध असलेल्या सरकारी रुग्णालयात लवकर पोहोचा.
- वाट चुकणे : शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे या. ती सापडत नसेल किंवा अंधार पडला असेल तर एकत्र बसा, घळीतून खाली उतरू नका. मिनिटात सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट शांतता, आणि पुन्हा शिट्टी, हा मदतीसाठीचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे.

मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक मुलाला तोंडपाठ हवेत. पायथ्याच्या गावचे लोक आणि स्थानिक बचाव पथके सर्वांत आधी पोहोचतात, म्हणून गावातला एक फोन नंबर घेऊनच चढा.

घरी आल्यावर डॉक्टरांना कधी दाखवावे?

आंघोळ करताना काखा, जांघा आणि कानामागे गोचीड आहे का पाहा. ट्रेकनंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर "आम्ही डोंगरात गेलो होतो" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. झुडपांतील सूक्ष्म किड्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस, तर दूषित पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. दोन्हींवर औषधे आहेत, पण ती वेळेत सुरू व्हावी लागतात. ताप असताना अंगावर काळी खपली असलेला डाग दिसला तर तो दाखवा. लघवी चहासारखी गडद झाली आणि अंग फार दुखत असेल, किंवा डोक्याला मार लागल्यानंतर उलट्या, गुंगी जाणवली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

पालक नेहमी विचारतात

*पाळीत ट्रेकला जावे का?* हो. न जाण्याचे वैद्यकीय कारण नाही. दुखत असेल किंवा रक्तस्राव जास्त असेल तर मुलीनेच ठरवावे.

*रात्रीचा प्रवास करून पहाटे चढणे ठीक आहे का?* मुलांसाठी नको. जागरणाने तोल आणि निर्णय दोन्ही बिघडतात. परतीच्या वाटेवर गाडी चालवणाऱ्याचीही झोप झालेली हवी.

*पैसे भरून गटाबरोबर पाठवताना काय विचारावे?* किती मुलांमागे किती प्रशिक्षित प्रमुख आहेत? प्रथमोपचार कोणाला येतो? बचावाची आणि वाहनाची सोय काय? आणि, "मागच्या वर्षी तुम्ही कोणता ट्रेक रद्द केला किंवा अर्ध्यातून परत आणला?" या प्रश्नाला ठोस उत्तर देणारा आयोजक विश्वासाचा.

*मूल परत आल्यावर काय बोलावे?* "वर पोहोचलास का?" हा पहिला प्रश्न नको. "काय काय पाहिलंस? कुठे कठीण वाटलं? काय ठरवलंत?" असे विचारा. आणि एखाद्या रविवारी दुपारी फोन आला, "आई, धुकं फार होतं, आम्ही अर्ध्यातूनच उतरलो," तर पैसे फुकट गेल्याचे बोलू नका. "बरं केलंत. जेवायला वाट पाहते," एवढे म्हणा. पुढच्या वेळी धुक्यात उभे असताना मुलाला हेच आठवणार आहे.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आपल्या मुलाला काही आजार किंवा औषधोपचार चालू असल्यास आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.*